आरंभीच्या अमेरिकेतील चांदीची भांडी आणि त्यांच्या घराण्यांचा माग

सतराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जी चांदीची भांडी घडली, ती आज कलावस्तू म्हणून संग्रहालयांत मांडलेली असतात. ज्या घरांसाठी ती घडली, त्या घरांत मात्र ती शोभेची वस्तू होती, रोजच्या वापरातले भांडे होती आणि संकटकाळासाठी राखलेली पुंजीही होती. शिवाय प्रत्येक नगावर कारागिराचा ठसा, मालकाची अक्षरे आणि बऱ्याचदा वजनही कोरलेले असे. त्यामुळे जे कुटुंब कागदोपत्री जवळजवळ विस्मृतीत गेले आहे, त्याचाही माग एखाद्या चमच्यावरून लागू शकतो. तो लावायचा तर धातू, घडण, अक्षरे आणि दप्तरे या चारही गोष्टी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. त्यांपैकी एकटी कुठलीच पुरेशी नसते.

आधी चांदी कुठून आली ते पाहिले पाहिजे. तेरा वसाहतींत चांदीच्या म्हणण्यासारख्या खाणी नव्हत्या. पोटोसी आणि मेक्सिको येथील खाणींत, बऱ्याच अंशी सक्तीच्या मजुरीवर निघालेली चांदी स्पॅनिश नाण्यांच्या रूपाने कॅरिबियन बेटांच्या व्यापारातून बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, चार्ल्सटन या बंदरांत येई. ही नाणी अनेक जातींची होती. कुणाची कड कातरलेली, कुणाची झीज झालेली, त्यामुळे ती मोजून नव्हे तर तोलून घ्यावी लागत. बँका तर नव्हत्याच. वसाहतींच्या एकत्रित काँग्रेसने सनद दिलेली पहिली बँक १७८२ मध्ये फिलाडेल्फियात उघडली. अशा काळात हाती आलेली नाणी कारागिराकडे नेऊन त्यांचा पेला किंवा वाडगा करून घेणे शहाणपणाचे होते. नाणे चोरीला गेले तर ते आपले म्हणून ओळखता येत नसे. अक्षरे कोरलेला पेला मात्र ओळखता येई, आणि गरज पडली तर तो वितळवून पुन्हा पैसाही करता येई.

नाणे आणि भांडे यांचे हे नाते बॉस्टनच्या इतिहासात अगदी उघड दिसते. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५२ मध्ये स्वतःची टांकसाळ काढली आणि ती जॉन हल या कारागिराच्या हाती सोपवली. लंडनमध्ये उमेदवारी करून आलेला रॉबर्ट सँडरसन त्याचा भागीदार होता. पाइन वृक्षाचे चित्र असलेले प्रसिद्ध शिलिंग त्यांनीच पाडले, आणि त्याच दुकानात घरांसाठी व चर्चसाठी पेलेही घडले. हलकडे शिकलेला जेरेमाया डमर हा वसाहतीतच जन्मून तिथेच धंदा शिकलेला पहिला नामांकित चांदी-कारागीर मानला जातो. त्याच्या पुढच्या काळात जॉन कोनी झाला. कोनीकडे अपोलोस रिव्हॉयर हा फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासित मुलगा उमेदवार म्हणून राहिला. त्याने पुढे आपले नाव पॉल रिव्हियर असे केले, आणि त्याच नावाचा त्याचा मुलगा अमेरिकी क्रांतीच्या काळातला पुढारी आणि अमेरिकेतला सर्वांत ख्यातनाम चांदी-कारागीर ठरला. गुरू-शिष्यांची ही साखळी लक्षात ठेवावी लागते, कारण घाट, अवजारे आणि साचे तिच्यातूनच एका दुकानातून दुसऱ्यात गेले.

प्रत्येक बंदराची घडण वेगळी होती. बॉस्टनची भांडी इंग्रजी वळणाची. न्यूयॉर्कमध्ये डच कुटुंबांची चाल टिकून होती. सहा पाकळ्यांचे, दोन कानांचे रुंद वाडगे तिथलेच. सणासमारंभात त्यांत ब्रँडीत भिजवलेल्या मनुका ठेवून ते पाहुण्यांत फिरवत. याच शहरात मायर मायर्स या ज्यू कारागिराने श्रीमंत घरांची भांडी घडवली आणि सिनगॉगसाठी तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या दांड्यांवरची चांदीची शिखरेही घडवली. फिलाडेल्फियात क्वेकर कुटुंबांना साधे पण जड काम पसंत असे, आणि रिचर्डसन घराण्याने पिढ्यान् पिढ्या ते पुरवले. त्याच शहरातल्या फिलिप सिंग याने १७५२ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या विधानसभेसाठी दौत-संच घडवला. पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आणि राज्यघटनेवर सह्या करताना तोच वापरला गेला. दक्षिणेतल्या मोठ्या मळेवाल्यांची बरीच भांडी मात्र थेट लंडनहून येत, म्हणून तिथल्या घराण्यातला जुना नग दिसला की तो स्थानिक घडणीचा असेल असे गृहीत धरता येत नाही.

हे काम केवळ दुकानाच्या पाटीवर नाव असलेल्या माणसाचे नव्हते. उमेदवार, रोजंदारीवरचे कारागीर, नक्षी कोरणारे स्वतंत्र कसबी असे अनेक हात एका भांड्याला लागत. त्यांत गुलामगिरीत ठेवलेले कारागीरही होते. त्यांची नावे ठशात येत नाहीत, पण वृत्तपत्रांतल्या विक्रीच्या आणि पळून गेलेल्यांच्या जाहिरातींत त्यांच्या हातच्या कसबाचा उल्लेख सापडतो. स्वतःच्या ठशाने काम करणारे कृष्णवर्णीय कारागीर अगदी थोडे. त्यांपैकी पीटर बेंट्झन याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फिलाडेल्फिया आणि कॅरिबियनमधील सेंट क्रॉइ येथे काम केले.

भांडे घडवण्याची रीत समजली की पुढची ओळख सोपी होते. नाणी आणि मोड मुशीत वितळवून लगड ओतत, ती ऐरणीवर ठोकून पत्रा काढत, आणि मग पुन्हा पुन्हा तापवून नरम करत हातोडीने पत्र्याला वाडग्याचा किंवा पेल्याचा घाट देत. कान, पाय, चोच वेगळी ओतून डाख देऊन जोडत. शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने पृष्ठभाग सारखा करून घासत. तळाच्या मध्यभागी परकाराचे टोक टेकवल्याचा बारीक ठिपका अनेक जुन्या नगांवर अजून दिसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस यंत्रावर लाटलेला चांदीचा पत्रा मिळू लागला आणि भांड्यांचे अंग पातळ झाले. सरळ बाजूंच्या, शिवण असलेल्या चहादाण्या याच बदलातून आल्या.

नगांचे प्रकारही काळ सांगतात. सतराव्या शतकात दोन कानांचे पेले आणि मिठाची मोठी पात्रे, अठराव्या शतकात टँकर्ड म्हणजे कान असलेला झाकणाचा पेला, झाकण नसलेला फुगीर पेला, मिरी-साखर भुरभुरण्याच्या डब्या, आणि पॉरिंजर म्हणजे एकच सपाट, जाळीदार कान असलेला उथळ वाडगा. पॉरिंजर न्यू इंग्लंडमध्ये फार लोकप्रिय होता, आणि त्याच्या कानावरची सपाट जागा अक्षरे कोरायला सोयीची होती. चहा महाग होता तोवर चहादाणी लहान होती. क्रांतीनंतर चहादाणी, साखरेचे भांडे आणि दुधाची झारी असा एकाच घडणीचा संच घेण्याची पद्धत रूढ झाली. चांदीचे काटे मात्र एकोणिसाव्या शतकाआधी फारच थोड्या घरांत होते.

सर्वांत जास्त उरले ते चमचे, आणि घराण्याचा माग काढायला तेच सर्वांत उपयोगी. सतराव्या शतकाच्या अखेरीस दांड्याच्या टोकाला दोन खाचा पाडून तीन पाकळ्या करत. त्यानंतर टोक लाटेसारखे वळणदार झाले, मग गोल होऊन पुढे वाकले. क्रांतीच्या सुमारास ते मागे वाकू लागले. १८०० च्या आगेमागे टोकाचे कोपरे छाटलेले, शवपेटीच्या आकाराचे चमचे आले, आणि १८१० नंतर फिडलच्या आकाराचे. खोलगट भागाच्या पाठीवर आधी उंदराच्या शेपटीसारखी लांब कणी असे. ती पुढे आखडून थेंबाएवढी झाली, काही ठिकाणी तिच्या जागी शिंपला आला. या खुणांवरून चमच्याचे वय वीस-तीस वर्षांच्या टप्प्यात बसवता येते.

यापुढे ठशांचा प्रश्न येतो. इंग्लंडमध्ये चांदीचा कस तपासून शहराचा, वर्षाचा आणि शुद्धतेचा हॉलमार्क मारणारी, कायद्याने ठरवलेली कचेरी असे. अमेरिकी वसाहतींत तशी व्यवस्थाच नव्हती. नंतरच्या काळातला अपवाद म्हणजे बाल्टिमोर, तिथे १८१४ ते १८३० या काळात कस तपासण्याची कचेरी होती. एरवी नगावर फक्त कारागिराचा ठसा, म्हणजे ढाल, हृदय, वर्तुळ किंवा आयताच्या चौकटीतली नावाची आद्याक्षरे, नाहीतर आडनाव. वर्ष नाही, गाव बहुधा नाही. आणि तीच दोन आद्याक्षरे वेगवेगळ्या शहरांतल्या अनेक कारागिरांची असू शकतात. म्हणून नुसती अक्षरे वाचून भागत नाही. चौकटीचा आकार, अक्षरांमधला ठिपका, मोडलेली कड असे तपशील खात्रीच्या ठशांशी जुळवावे लागतात.

एकोणिसाव्या शतकातल्या ठशांत आणखी काही खाचखळगे आहेत. इंग्रजी हॉलमार्कसारखे दिसावे म्हणून काही अमेरिकी कारागिरांनी सिंह, मुखवटे, अक्षरे यांचे खोटे ठसे नावाशेजारी मारले. ‘कॉइन’ किंवा ‘प्युअर कॉइन’ असा शब्द असेल तर चांदी नाण्याच्या कसाची, म्हणजे सुमारे ९० टक्के, असल्याचा दावा असतो. हा शब्द प्रामुख्याने १८३० नंतरच्या नगांवर दिसतो. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्क्यांचा कस अमेरिकेत सर्रास रूढ झाला तो १८६० च्या दशकात. चमच्यावरचे नाव घडवणाऱ्याचे नसून विकणाऱ्या दुकानदाराचे असणे हेही याच शतकात सामान्य झाले. आणि ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ हा ठसा अनेक कुटुंबांना फसवतो. १८४७ हे त्या नगाचे वर्ष नव्हे, तो व्यापारी नावाचाच भाग आहे, आणि असे नग चांदीचे नसून चांदीचा मुलामा दिलेले असतात.

कारागीर आणि काळ ठरला की मालकाच्या अक्षरांकडे वळता येते. न्यू इंग्लंडमध्ये आणि इतरत्रही जोडप्याची तीन अक्षरे त्रिकोणात कोरण्याची रीत होती. वर आडनावाचे, खाली डावीकडे नवऱ्याच्या नावाचे, उजवीकडे बायकोच्या नावाचे. पॉल रिव्हियरच्या स्वतःच्या घराचेच उदाहरण घेता येईल. १७५७ मध्ये त्याचा विवाह सारा ऑर्न हिच्याशी झाला, म्हणजे या रीतीने त्यांची अक्षरे वर आर, खाली पी आणि एस अशी होतात. सारा १७७३ मध्ये वारली आणि त्याच वर्षी त्याने रेचेल वॉकर हिच्याशी विवाह केला, तेव्हा एसच्या जागी पुन्हा आर येतो. एका अक्षराच्या फरकाने नगाचा काळ दुसऱ्या विवाहाच्या अलीकडे किंवा पलीकडे सरकतो. वाचताना हेही ध्यानात ठेवावे लागते की जुन्या कोरीव कामात इंग्रजी ‘जे’ ऐवजी ‘आय’ लिहिण्याची पद्धत होती, त्यामुळे जॉन, जोसेफ, जेम्स हे सगळे ‘आय’खालीच शोधावे लागतात.

दोनच अक्षरे असतील तर ती बहुधा एका व्यक्तीची, आणि पुष्कळदा लग्नापूर्वीच्या मुलीची असतात. लग्नाच्या वेळी किंवा त्याआधी आईबापांकडून मिळालेल्या चमच्यांवर तिच्या माहेरच्या आडनावाचे अक्षर कोरलेले असे. इंग्रजी कायद्याच्या परंपरेप्रमाणे लग्नानंतर बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा पहिला कायदा मिसिसिपीत १८३९ मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये १८४८ मध्ये झाला. तरीही चांदी घरात बहुतेक वेळा ‘आईची’ म्हणूनच ओळखली जाई आणि मुलीकडे, विशेषतः आजीचे नाव ठेवलेल्या नातीकडे जाई. जमीन मुलग्यांच्या नावाने उतरत गेली आणि आडनाव टिकले. चांदी मुलींच्या हातून गेली आणि प्रत्येक पिढीत आडनाव बदलले. म्हणून आजच्या मालकाच्या आडनावाचा माग घेत मागे गेल्यास वाट चुकते. शोध आईच्या, आजीच्या, पणजीच्या बाजूने करावा लागतो.

या शोधाची दप्तरे ठरलेली आहेत. पहिले मृत्युपत्र आणि मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी. तिच्यात चांदी स्वतंत्रपणे, औंस आणि पेनीवेटमध्ये तोलून लिहिलेली असे. ट्रॉय औंस सुमारे ३१.१ ग्रॅमचा आणि एका औंसाचे वीस पेनीवेट. भांड्याच्या तळाशी बारीक टोकाने ओरखडलेले वजन यादीतल्या वजनाशी जुळले तर तो भक्कम पुरावा ठरतो. झिजेमुळे आजचे वजन थोडे कमी भरणे स्वाभाविक आहे, जास्त भरले तर मात्र नंतर काही जोडल्याचा संशय घ्यावा. याच याद्यांत, चमचे आणि पेल्यांच्या पुढेमागे, गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांचीही किंमत लिहिलेली आढळते. घराण्याच्या श्रीमंतीचा माग घेणाऱ्याने ती ओळ गाळून पुढे जाता कामा नये. ज्यांची दुसरी नोंद सापडणे कठीण, अशा माणसांची नावे पुष्कळदा तिथेच मिळतात.

दुसरे साधन म्हणजे कारागिरांच्या हिशेबाच्या वह्या. पॉल रिव्हियरच्या १७६१ ते १७९७ या काळातल्या रोजच्या नोंदींच्या वह्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. गिऱ्हाइकाचे नाव, धातूचे वजन आणि दर, घडणावळ आणि कोरीव कामाचे पैसे अशा नोंदी त्यांत मिळतात. जुनी चांदी मोडीत घालून नवी घेतल्याचीही नोंद असते. त्यावरून आजीचे भांडे नाहीसे कसे झाले हेही कळते. तिसरे साधन वृत्तपत्रे. चांदी चोरीला गेली की मालक जाहिरात देऊन नग, अक्षरे आणि कारागिराचा ठसा यांचे वर्णन छापत आणि असा माल विकायला आला तर तो अडवून ठेवण्याची विनंती कारागिरांना करत. चौथे साधन जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी, कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या वंशावळी आणि चर्चची दप्तरे. न्यू इंग्लंडच्या घराण्यांसाठी बॉस्टनमध्ये १८४५ साली वंशावळींच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली आणि तिचा संग्रह आजही मुख्य आधार आहे. दक्षिणेतल्या कारागिरांसाठी नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे १९६५ मध्ये उघडलेल्या संग्रहालयाने जुन्या दप्तरांतून जमवलेली टिपणे मोलाची आहेत.

चर्चकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. न्यू इंग्लंडमधल्या अनेक मंडळ्यांनी पवित्र भोजनासाठी घरगुती पेलेच वापरले, कारण सभासद मरताना आपला पेला किंवा त्यासाठी पैसे चर्चला देत. बॉस्टनच्या फर्स्ट चर्चला गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने दिलेला उंच पेला तर लंडनमध्ये घडलेला होता आणि समुद्र ओलांडून आला होता. घरात राहिलेली चांदी पिढ्यागणिक वितळली, वाटली गेली, विकली गेली. चर्चमधली पुष्कळशी दात्याच्या नावासकट टिकली. म्हणूनच ई. आल्फ्रेड जोन्स यांनी १९१३ मध्ये अमेरिकी चर्चमधल्या जुन्या चांदीचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो घराण्यांच्या अभ्यासकांनाही आवश्यक वाटतो.

माग पूर्ण लागतो तेव्हा काय हाती येते याचा उत्तम नमुना मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे आहे. १७७३ मध्ये तिथले डॉक्टर विल्यम पेन यांनी सेलमच्या लोइस ऑर्न हिच्याशी विवाह करताना रिव्हियरकडून ४५ नगांचा संच घडवून घेतला. कॉफीपात्र, चहादाणी, टँकर्ड, चमचे असे सारे त्यात होते आणि मोठ्या नगांवर वधूच्या घराण्याचे कुलचिन्ह होते. पेन राजनिष्ठ होते, आणि रिव्हियर दोनच वर्षांनी राजाच्या फौजेची खबर द्यायला घोड्यावर निघाला. युद्धामुळे पेन यांना देश सोडावा लागला, पुढे ते वूस्टरला परतले. आज तो संच वूस्टरच्या कला संग्रहालयात आहे. एका विवाहाची तारीख, कारागिराचे नाव, वधूचे माहेर आणि एका कुटुंबाची राजकीय ससेहोलपट हे सारे या नगांभोवती एकत्र येते.

उलट बाजूला रिव्हियरनेच १७६८ मध्ये घडवलेला ‘सन्स ऑफ लिबर्टी’ वाडगा आहे. तो एका घराचा नव्हता. पंधरा मित्रांनी तो मिळून घडवून घेतला आणि त्यांची नावे काठाखाली कोरली. राजाचा हुकूम न मानणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या ९२ प्रतिनिधींचा त्यावर गौरव आहे. १९४९ मध्ये बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने तो विकत घेतला तेव्हा शाळकरी मुलांनीही त्यासाठी पैसे जमवले होते. खासगी मालकीतून सार्वजनिक वारशाकडे झालेला हा प्रवास अनेक नगांच्या वाट्याला आला. याच संग्रहालयाने १९०६ मध्ये अमेरिकी चांदीचे मोठे प्रदर्शन भरवले आणि या विषयाच्या गंभीर अभ्यासाला चालना मिळाली. फ्रान्सिस गार्व्हन यांनी १९३० मध्ये आपला विशाल संग्रह पत्नीच्या सन्मानार्थ येल विद्यापीठाला दिला. येलमध्येच पॅट्रिशिया केन यांच्या संपादनाखाली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतकालीन कारागिरांचा चरित्रकोश तयार होऊन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मागणी वाढली तशी बनावटही वाढली. १८७६ च्या शताब्दी प्रदर्शनानंतर वसाहतकाळाची ओढ लागली. त्या काळात जुन्या घाटाच्या नकला निघाल्या, आणि खऱ्या जुन्या नगांवर पणजोबांची नावे नव्याने कोरली गेली. मद्यपानविरोधी चळवळीच्या काळात टँकर्डला चोच डाखून त्याची झारी करण्यात आली. काही नगांवरची अक्षरे खरवडून काढलेली असतात. तिथे बोटांत धरल्यावर पत्रा पातळ लागतो. नव्या कोरीव रेघांच्या कडा धारदार असतात, जुन्या रेघा भोवतीच्या पृष्ठभागाइतक्याच झिजलेल्या असतात. प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साहाय्याने धातूची तपासणीही होते. जुन्या पद्धतीने शुद्ध केलेल्या चांदीत सोने आणि शिसे यांचा अंश राहून जाई. विजेच्या साहाय्याने शुद्ध केलेल्या आधुनिक चांदीत तो जवळजवळ नसतो.

घराण्यात सांगितल्या जाणाऱ्या कथा या साऱ्या पुराव्यांच्या शेजारी ठेवून पाहायच्या असतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या सैन्यापासून अंगणात पुरून वाचवलेली चांदी ही दक्षिणेतली फार प्रिय कथा आहे. चमच्याचा घाट किंवा ठसा १८६५ नंतरचा निघाला तर ती त्या चमच्याची कथा नव्हे, एवढे निश्चित होते. कदाचित ती दुसऱ्या, आता हरवलेल्या चमच्याची असेल. म्हणून कथा टाकून देऊ नये आणि पुरावा म्हणूनही स्वीकारू नये. ती कोणी, कधी, कोणाकडून ऐकली हे लिहून ठेवावे आणि तिच्यातले प्रत्येक नाव दप्तरात शोधावे.

याच शिस्तीने कामाचा क्रम ठरतो. नगाचे मोजमाप, वजन, प्रत्येक ठसा आणि प्रत्येक अक्षर जसे दिसते तसे नोंदवायचे. घाटावरून काळ आणि ठशावरून गाव ठरवायचे. त्या गावात त्या काळात ती अक्षरे जुळणारी सर्व जोडपी शोधायची, पहिले जुळणारे जोडपे मिळताच थांबायचे नाही. नंतर याद्या, मृत्युपत्रे आणि मुलींचे विवाह यांतून आजच्या मालकापर्यंत एकेक पिढी जोडायची. एकाच ठशाचे आणि एकाच अक्षरांचे चमचे दोन दूरच्या कुटुंबांत सापडले तर त्यांच्या वंशावळी जिथे मिळतात, तिथे मूळ मालक असण्याची शक्यता सर्वांत जास्त. वाटणीत संच फुटतात, त्यामुळे असे फुटलेले नगच कित्येकदा सर्वांत बोलका पुरावा ठरतात.

शेवटी निष्कर्ष तीन वेगळ्या रकान्यांत मांडायचे: कागदाने सिद्ध झालेले, अक्षरे आणि काळ यांवरून संभवनीय, आणि केवळ सांगण्यातून आलेले. हे रकाने वेगळे राहिले तर पुढच्या अभ्यासकाला सापडलेला एखादा कागद संभवनीय गोष्ट सिद्ध करू शकतो किंवा मोडीत काढू शकतो. ते एकत्र झाले तर चुकीची मालकी छापली जाते आणि पुढच्या प्रत्येक पुस्तकात उतरत राहते. हे टिपण नगाबरोबरच राहिले पाहिजे, मग तो विकला जावो, वाटला जावो किंवा संग्रहालयात जावो. टिपण सुटले की पुढच्या पिढीला सारा शोध पहिल्यापासून करावा लागतो, आणि तोवर त्यातली काही दप्तरे नाहीशी झालेली असू शकतात.